जनरेटेड कोडसाठी मेव्हन सोडून ग्रेडलवर जावं का? २३ मॉड्यूल, चार जनरेटर

तेवीस_मॉड्यूल

मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहिती दिली की सल्लाही अर्धवटच मिळतो.

आमचा प्रकल्प जावा १७ वर आहे, बिल्ड (कोड कंपाइल करून टेस्ट चालवणं) मेव्हन या टूलचा, मॉड्यूल म्हणजे प्रकल्पाचे वेगळे भाग २३. कोड तयार करणारी चार यंत्रं, म्हणजे जनरेटर, आहेत. ओपनएपीआय जनरेटर बाहेरच्या सेवांचे क्लायंट बनवतो, प्रोटोबफ आमच्या सेवांमधले मेसेज बनवतं, जूक डेटाबेसच्या टेबलांवरून क्लास काढतं. चौथा जनरेटर आमचा घरचा. एका मजकुराच्या फाइलीत प्रत्येक मेसेजची फील्डं, त्यांची लांबी आणि प्रकार लिहिलेले असतात, त्यावरून जावापोएट ही लायब्ररी वापरून पार्सर (मेसेज वाचणारे क्लास) तयार होतात. हा जनरेटर याच रेपोत (कोडच्या गिट साठ्यात), वेगळ्या मॉड्यूलमध्ये आहे. शिवाय कंपाइल होतानाच कोड जोडणारे लॉम्बॉक आणि मॅपस्ट्रक्ट आहेतच.

मागच्या आठवड्यात एका सहकाऱ्याने त्या मजकुराच्या फाइलीतून एक मेसेज काढून टाकला. त्याच्याकडे बिल्ड हिरवा, माझ्याकडे हिरवा, सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) लाल. अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी सापडलं ते असं: काढलेल्या मेसेजचा जुना पार्सर आम्हा दोघांच्या टार्गेट फोल्डरमध्ये (जिथे बिल्डचं आउटपुट पडतं) तसाच पडून होता आणि एक टेस्ट त्याच्याच जिवावर पास होत होती. सीआयवर दर वेळी कोरं फोल्डर, म्हणून तिथे ती उघडी पडली. तेव्हापासून सगळे ‘क्लीन’ (जुनं आउटपुट पुसणारी आज्ञा) लावल्याशिवाय बिल्डच करत नाहीत. पूर्ण बिल्डला ११ मिनिटं. एक ओळ बदलली तरी ११ मिनिटं.

दुसरा त्रास असा की घरच्या जनरेटरमध्ये काही बदललं की आधी त्याचं मॉड्यूल ‘इन्स्टॉल’ करायचं (मशीनवरच्या मेव्हनच्या साठ्यात टाकायचं), मग बाकीचं बिल्ड करायचं. हे विसरलं की जुन्याच जनरेटरने कोड तयार होतो आणि आपला बदल का दिसत नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

टीममध्ये तीन मतं आहेत. एकजण म्हणतो ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड टूलवर चला, दुसरी म्हणते जनरेटेड कोड सरळ गिटमध्ये टाका, तिसरा म्हणतो आहे तेच नीट करा. बेझल या आणखी एका बिल्ड टूलचं नावही एकदा निघालं. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलं आहे त्यांना विचारायचं आहे, निवड करताना नेमकं काय बघावं?

रात्रपाळी

ग्रेडलवर जा. आम्ही गेलो आणि परत वळून पाहिलं नाही. टास्कचं इनपुट आणि आउटपुट एकदा सांगितलं की काय बदललं ते तोच बघतो, बदललं नसेल तर टास्क चालवतच नाही. तुमचा जुन्या पार्सरचा प्रश्न आपोआप सुटेल.

बिल्डवाली

वरच्या उत्तरातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी पटतं. पण नेमक्या त्या वाक्यावर विसंबून तुम्ही महिनाभराचं स्थलांतर हाती घ्याल, म्हणून आधी तेच बोलते. ग्रेडल तुमच्या साध्या टास्कचं आउटपुट फोल्डर पुन्हा चालवण्याआधी आपणहून रिकामं करत नाही. मजकुराची फाइल बदलली, टास्क पुन्हा चालला, ४० पार्सरऐवजी ३९ लिहिले, आणि चाळिसावा कालचा तिथेच राहिला. म्हणजे तुमची ती दुपार ग्रेडलवरही तशीच गेली असती. रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं होऊ देऊ नका. इथे चूक जनरेटरची आहे. त्याने लिहायला बसण्याआधी आपलं फोल्डर पुसलं पाहिजे. त्यासाठी ते फोल्डर पूर्णपणे त्याच्या एकट्याच्या मालकीचं हवं, हाताने लिहिलेली एकही फाइल तिथे नको, दुसऱ्या जनरेटरचीही नको. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि कुठल्याही बिल्ड टूलवर उपयोगी पडतं. सोर्स पुसला तरी आधी कंपाइल झालेली क्लास फाइल मागे राहू शकते, त्या मॉड्यूलचं क्लास फोल्डरही एकदा तपासा.

मी बरीच वर्षं टीमचे बिल्ड सांभाळते आहे, अँट या जुन्या बिल्ड टूलच्या काळापासून. टूल कुठलं घ्यावं हा प्रश्न मी शेवटी विचारते. त्याआधी प्रत्येक जनरेटरला समोर बसवून एकच गोष्ट विचारते: बाबा रे, तू काय काय वाचतोस? उत्तरात सगळ्या फाइलीच असतील आणि त्या रेपोत असतील तर कुठलंही टूल त्याला नीट चालवेल. नसतील तर कुठलंच टूल वाचवणार नाही.

तुमच्याच चार जणांकडे बघू.

ओपनएपीआयची स्पेक फाइल (सेवेचं वर्णन) रेपोत आहे की बिल्डच्या वेळी एखाद्या यूआरएलवरून येते? यूआरएलवरून येत असेल तर आजच ती रेपोत आणा. नाहीतर समोरच्या टीमने दुपारी फील्डचं नाव बदललं की तुमचा सकाळी चाललेला कमिट संध्याकाळी कंपाइल होणार नाही, आणि गिटच्या इतिहासात कारण शोधून सापडणार नाही.

प्रोटोबफ फाइलीच वाचतं, पण त्याचा कंपायलर प्रोटोसी हा स्वतः नेटिव्ह प्रोग्रॅम आहे, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसरसाठी वेगळा. त्याची आवृत्ती पोममध्ये (मेव्हनच्या बिल्ड फाइलीत) पक्की लिहिलेली हवी. मशीनवर कुणीतरी कधीतरी टाकलेला प्रोटोसी वापरायचा नाही. मॅकचे नवे प्रोसेसर आले तेव्हा कित्येकांचे बिल्ड यावरच अडकले होते, कारण जुन्या आवृत्त्यांमध्ये त्या प्रोसेसरसाठी फाइलच नव्हती. आणखी एक: जनरेटेड कोड ज्या प्रोटोसीने काढला त्यापेक्षा रनटाइमची लायब्ररी जुनी असून चालत नाही. दोन्ही आवृत्त्या एकाच जागेवरून ठरू द्या.

जूकवर थोडी थांबते, कारण तिथे मी स्वतः पोळले आहे. आधीच्या एका नोकरीत जूकचा जनरेटर सगळ्यांच्या सामायिक डेव्हलपमेंट डेटाबेसला जोडलेला होता. एका मुलाने आपल्या ब्रँचसाठी म्हणून त्या डेटाबेसमध्ये एक कॉलम घालून पाहिला. संध्याकाळपर्यंत तो कॉलम आम्हा सगळ्यांच्या जनरेटेड क्लासांत आला. आमच्यापैकी कुणीही त्याची ब्रँच घेतलेली नव्हती. दोन दिवसांनी त्याने तो कॉलम काढला आणि दोघांचे बिल्ड मोडले, कारण ऑटोकंप्लीटने सुचवला म्हणून त्यांनी तो वापरलाही होता. जनरेटरचं इनपुट असं जिवंत असलं की तेच कमिट दोनदा बिल्ड केल्यावर दोन वेगळी उत्तरं येतात. उपाय दोन. एक, मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) एसक्यूएल फाइली रेपोत ठेवायच्या, बिल्डमध्ये टेस्टकंटेनर्सने तात्पुरता डेटाबेस उभा करायचा, त्यावर मायग्रेशन लावणारं फ्लायवे चालवायचं आणि जूकला तोच दाखवायचा. दोन, जूकला थेट त्या एसक्यूएल फाइलीच वाचायला द्यायच्या, त्याची सोय त्यात आहे. दुसरा मार्ग हलका आहे, पण आतून तो एच२ हा वेगळा, छोटा डेटाबेस वापरतो, त्यामुळे तुमच्या डेटाबेसची खास वाक्यरचना आली की अडखळतो. मी पहिला घेते.

घरचा जनरेटर मजकुराची फाइल वाचतो, हे तुम्ही सांगितलंत. पण तो आणखी एक गोष्ट वाचतो: स्वतःचा कोड. जनरेटर बदलला की आउटपुट बदलतं, म्हणजे जनरेटर हाही इनपुटच. तुमचा ‘आधी इन्स्टॉल करा’ हा त्रास नेमका इथून येतो. मेव्हन तुमच्या मशीनच्या लोकल रिपॉझिटरीतला जुना जार उचलतो आणि त्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न: तेच इनपुट दिल्यावर तू दर वेळी तेच लिहितोस का? मी एकदा ग्रेडलचा सामायिक कॅशे (एकाने काढलेलं आउटपुट सगळ्यांना वापरू देणारा साठा) मोठ्या उत्साहाने लावला आणि तो एका मॉड्यूलपाशी दर वेळी चुकायचा. शेवटी दोन मशीनवरची जनरेटेड फोल्डरं एका जागी आणली आणि डिफ काढला. चारशेच्या वर फाइली वेगळ्या निघाल्या, आणि प्रत्येकीत फरक एकाच ओळीचा. एक्सजेसी या एक्सएमएल स्कीमावरून क्लास काढणाऱ्या जनरेटरने वरच्या कॉमेंटमध्ये फाइल तयार केल्याची तारीख आणि वेळ छापली होती. त्या एका ओळीने सोर्स बदलला, सोर्स बदलला म्हणून कंपाइल पुन्हा, कंपाइल पुन्हा म्हणून त्यावर अवलंबून असलेली मॉड्यूलं पुन्हा. एक्सजेसीला ते शीर्षक न छापण्याचा पर्याय आहे, मॅपस्ट्रक्टला वेळ न छापण्याचा आहे, ओपनएपीआय जनरेटरलाही आहे. तिन्ही चालू करा.

तुमच्या घरच्या जनरेटरमध्ये हॅशमॅपवरून फिरून फील्डं लिहिली जात असतील तर क्रमाची खात्री नाही. फोल्डरमधल्या फाइलींची यादी जावा देतो तिच्याही क्रमाची हमी नसते, ती सॉर्ट करून घ्या. विंडोजवर ओळीच्या शेवटाचं चिन्ह वेगळं पडतं का तेही बघा. तपासायची रीत साधी आहे: कोऱ्या फोल्डरमध्ये दोनदा जनरेट करा आणि डिफ घ्या. शक्यतो दोन वेगळ्या मशीनवर.

एवढं झालं की मग टूल.

मेव्हनमध्ये कोड तयार करायला कंपाइलच्या आधी वेगळा टप्पा आहे, जनरेट-सोर्सेस. प्लगइन तिथे जोडलं की काम होतं, आयडीईलाही जनरेटेड फोल्डर बहुतेक वेळा आपोआप कळतं. तुमच्या चारपैकी तिघांची तयार प्लगइनं आहेत, आणि तिघांसाठी मेव्हन पुरेसा आहे. उणीव अशी की काय बदललं हे मेव्हन स्वतः बघत नाही, ते प्रत्येक प्लगइनच्या मर्जीवर. ओपनएपीआयच्या प्लगइनला स्पेक बदलली नसेल तर थांबण्याचा पर्याय आहे, पण तो स्पेकच पाहतो. तुम्ही तुमचे टेम्प्लेट बदललेत तर ते त्याच्या गणतीत नाही. असे अर्धे उपाय मला खरंच काळजीत टाकतात, कारण ते चालतात तोवर कुणाचं लक्ष जात नाही.

चौथ्यासाठी ग्रेडल सरस आहे, यात वाद नाही. जनरेटरचं मॉड्यूल टास्कच्या क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधतो तिथे) ठेवायचं, मजकुराची फाइल इनपुट म्हणून सांगायची आणि टास्कचं आउटपुट सोर्स फोल्डर म्हणून द्यायचं. फोल्डरचा पत्ता वेगळा लिहायचा नाही, टास्कच द्यायचा, म्हणजे अवलंबन त्यातूनच जोडलं जातं. मग जनरेटरची एक ओळ बदलली तरी तो कंपाइल होतो, पार्सर पुन्हा निघतात, ‘इन्स्टॉल’ विसरायचा प्रश्नच उरत नाही. एखाद्याने दुसऱ्या टास्कचं आउटपुट न सांगता वापरलं तर ग्रेडल ८ पासून बिल्ड सरळ अडवतो. सामायिक कॅशे लावणार असाल तर इनपुट फाइलींचे पत्ते सापेक्ष धरायला सांगा, नाहीतर तुमचं होम फोल्डर वेगळं म्हणून कॅशे चुकेल.

लॉम्बॉक आणि मॅपस्ट्रक्टचं दोनच ओळींत. ते कंपायलरच्या आत चालतात, वेगळा टप्पा नको. लॉम्बॉक १.१८.१६ पासून दोघांना जोडणारं छोटं बाइंडिंग लागतं, नाहीतर मॅपस्ट्रक्टला लॉम्बॉकने बनवलेले गेटर दिसत नाहीत. आणि जावा १७ वरून पुढे जाल तेव्हा लक्षात असू द्या, जावा २३ पासून क्लासपाथवर नुसता पडलेला अ‍ॅनोटेशन प्रोसेसर (लॉम्बॉक, मॅपस्ट्रक्ट याच जातीचे) कंपायलर आपणहून चालवत नाही. मेव्हनमध्ये प्रोसेसरचा पत्ता आताच स्पष्ट लिहून ठेवा. ग्रेडल ५ पासून तो वेगळा लिहावाच लागतो.

माझा सल्ला: आधी मेव्हनवर राहूनच फोल्डर पुसणं, जूकचा डेटाबेस आणि डिफ हे तीन उरका. जनरेटेड कोड वेगळ्या, लहान मॉड्यूलांत हलवा, म्हणजे रोजच्या कामात त्यांना हात लागणार नाही. मग घड्याळ लावा. घरचा जनरेटर आठवड्यातून एक-दोनदा बदलत असेल आणि वेळ तरीही जात असेल तर ग्रेडलवर जा. आणि जाताना टीममध्ये बिल्डची फाइल वाचू शकणारे किमान दोघे आहेत ना, ते बघा. एकटीने सांभाळलेला ग्रेडल बिल्ड मी दुसऱ्याच्या हाती सोपवला आहे, त्या माणसाचे पुढचे दोन महिने मला अजून आठवतात.

सोर्सजार

बेझलचं नाव निघालं म्हणून लिहितो. आम्ही वापरतो, पण आमच्याकडे जावा, गो आणि पायथन एकाच रेपोत आहेत आणि तिन्हींना एकाच प्रोटो फाइलींवरून कोड लागतो. तिथे तो शोभतो. प्रत्येक पायरी सँडबॉक्समध्ये चालते, न सांगितलेली फाइल तिला दिसतच नाही, त्यामुळे वर ‘तू काय वाचतोस’ हा जो प्रश्न आहे तो बेझल स्वतःच विचारतो, आणि उत्तर चुकलं की बिल्ड पडतो.

पण जनरेटेड जावाच्या बाबतीत एक अडचण आधी समजून घ्या. बेझलला आउटपुट फाइलींची नावं आधी माहीत हवी असतात. ओपनएपीआय जनरेटर किती क्लास काढेल हे स्पेक वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून सगळं आउटपुट एका सोर्सजारमध्ये (सोर्स फाइलींच्या एका गठ्ठ्यात) बांधून पुढे द्यावं लागतं. जमतं, पण प्रत्येक जनरेटरसाठी असं वेष्टन लिहिणारं आणि सांभाळणारं कुणीतरी लागतं. एकट्या जावासाठी, २३ मॉड्यूलांसाठी, मी घेणार नाही.

कमिट_आधी

गिटमध्ये टाकण्याच्या बाजूने एक मत. बाकीच्यांचं माहीत नाही, जूकपुरतं आम्ही हेच करतो. स्कीमा क्वचित बदलतो आणि प्रत्येकाच्या मशीनवर दर बिल्डला कंटेनर उभा करणं आम्हाला नको होतं. जनरेटेड क्लास वेगळ्या मॉड्यूलमध्ये कमिट केलेले आहेत. सीआय मात्र प्रत्येक पीआरवर (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवर) ते नव्याने काढतो आणि गिटचा डिफ रिकामा नसेल तर पीआर अडवतो. ही शेवटची पायरी नसेल तर हे करू नका, कारण कुणीतरी जनरेटेड फाइलीत हाताने दुरुस्ती करतोच. फायदा असा की मायग्रेशन बदलल्याने जावामध्ये नेमकं काय हललं ते रिव्ह्यू करताना डोळ्यांसमोर दिसतं.

तेवीस_मॉड्यूल

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण आधी करून बघायचं होतं.

दोनदा जनरेट करून डिफ घेतला. ओपनएपीआयच्या प्रत्येक फाइलीत वेळ छापलेली होती, पर्याय लावून ती घालवली. आमच्या जनरेटरमध्ये फाइलींची यादी सॉर्ट न करता वापरलेली निघाली. माझ्या लिनक्सवर आणि सहकाऱ्याच्या मॅकवर रजिस्ट्री क्लासमधल्या ओळींचा क्रम वेगळा येत होता. एक ओळीचा बदल. फोल्डर पुसायचं काम त्याच दिवशी केलं.

जूक सामायिक टेस्ट डेटाबेसला जोडलेलं होतं, अगदी तुम्ही म्हणालात तसं. त्यात दोन टेबलं अशी सापडली जी कुठल्याच मायग्रेशनमध्ये नाहीत. कुणी घातली ते कुणालाच आठवत नाही. आता जूक कमिट करून ठेवलं आहे आणि सीआय टेस्टकंटेनर्सवर पुन्हा काढून तुलना करतो.

‘क्लीन’ न लावता रोजचा बिल्ड आता तीन मिनिटांच्या आसपास येतो. ग्रेडलची चर्चा टीमनेच पुढच्या तिमाहीवर ढकलली. उरला तो घरचा जनरेटर. त्याचं मेव्हन प्लगइन बनवावं की एक्झेक या प्रोग्रॅम चालवणाऱ्या तयार प्लगइनने चालवावं?

बिल्डवाली

तीन मिनिटं वाचून बरं वाटलं. ती दोन टेबलं मायग्रेशनमध्ये आणायची की टाकून द्यायची हे मात्र लगेच ठरवा.

घरच्या जनरेटरला एक्झेक प्लगइन. स्वतःचं मेव्हन प्लगइन त्याच रेपोत ठेवलं की ‘कंपाइल’पर्यंतच बिल्ड चालवल्यावर ते अडतं, कारण प्लगइनचं वर्णन करणारी फाइल कंपाइलनंतरच्या टप्प्यात तयार होते. मग लोक पुन्हा ‘इन्स्टॉल’कडे वळतात आणि तुम्ही होता तिथेच येता. एक्झेकमध्ये जनरेटरचं मॉड्यूल साधी डिपेंडन्सी म्हणून द्या आणि एकट्या मॉड्यूलचा बिल्ड करताना ‘ऑल्सो-मेक’ पर्याय लावायची सवय लावा, म्हणजे जनरेटर आधी ताजा होईल. वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलंत तर कुणाला लक्षात ठेवावं लागणार नाही.

एक खबरदारी. एक्झेकचं ‘जावा’ हे गोल (प्लगइनमधलं एक काम) मेव्हनच्याच प्रोसेसमध्ये चालतं. तुमच्या जनरेटरने चूक सापडल्यावर सिस्टिम-एक्झिट केलं तर अख्खा मेव्हन मध्येच बंद पडेल आणि लॉगमध्ये कारणही धड दिसणार नाही. त्याऐवजी एक्सेप्शन फेका आणि तिच्या मजकुरात मजकुराच्या फाइलीतला ओळ क्रमांक द्या. दोनदा जनरेट करून डिफ घेणारी पायरी सीआयवर कायम ठेवा, रात्रीच्या बिल्डमध्ये चालली तरी पुरे. पाचवा जनरेटर कुणी आणला तर तो आधी तिच्यातून जाऊ द्या, मग पोममध्ये घ्या.